उपाशी पोटी धावणाऱ्यांसाठी



पहाटे साडेपाचला आपल्या शहरातल्या गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे किंवा विद्यापीठाच्या रस्त्यांवर एक चक्कर मारून या. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरंपोरी अंधारातच पळताना दिसतील. कन्नड, सिल्लोड, वैजापूरकडून, जालना-बीडकडूनही आलेली, दोघी-तिघींत खोली करून राहणारी. काय खाऊन आलात, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘काहीच नाही. रिकाम्या पोटी हलकं वाटतं.’

यातल्याच एखाद्या मुलीचा दिवस बघू. वजन पन्नास किलो. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मैदानावर. रात्रीचा डबा आठला संपलेला. पहाटे नुसता कपभर चहा, मग पळणं, दोरीउड्या, गोळाफेक. तिथून थेट क्लास किंवा अभ्यासिका. पोटात पहिला घास जातो तो साडेअकराला, टपरीवरच्या पोह्यांचा. दुपारी डबा, रात्री डबा. प्रत्येकात तीन पोळ्या, पातळ भाजी, वरण. दुपारच्या डब्यात वाटीभर भात.

आता हिशोब मांडू. रोज एक ते तीन तास दमदार सराव करणाऱ्याला किलोमागे सहा ते दहा ग्रॅम कार्बोदकं लागतात, असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. कमीत कमी सहा धरले तरी हिला तीनशे ग्रॅम हवीत. एका पोळीत साधारण वीस, म्हणजे सहा पोळ्यांचे एकशेवीस. भाताचे चाळीस, पोह्यांचे चाळीस, वरण-भाजीचे पंचवीस. बेरीज झाली सव्वादोनशे. रोज पाऊणशे ग्रॅमची तूट. एका दिवसाची तूट शरीर सहन करतं. ही तूट सहा-आठ महिने चालते, कारण भरतीची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो.

शरीर या तुटीला कसं तोंड देतं, हे आपल्या शहराला समजवावं लागू नये. नळाला पाणी चार-चार दिवस येत नाही तेव्हा घरात काय होतं? आधी कुंड्यांचं पाणी बंद होतं, मग अंगण धुणं, मग कपड्यांची पाळी लांबते. प्यायचं पाणी मात्र शेवटपर्यंत राखून ठेवतात. शरीरही मेंदू आणि हृदयाचा वाटा राखतं आणि बाकीच्यांचा तोडतं. मुलींमध्ये पहिला फटका बहुधा पाळीला बसतो. ती लांबते, कधी थांबतेच. त्यावर मुली काय म्हणतात? ‘बरं झालं मॅडम, सरावात कटकट नाही.’ खरं तर पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन घटलं, आणि ते घटलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मग नडगी दुखते, ती ‘शू बदलला म्हणून’ असं वाटतं, आणि एक्स-रेत किंवा एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा निघतो. घसा वारंवार बसणं, झोप न लागणं, चिडचिड, सराव वाढवूनही वेळ न सुधारणं, ही सगळी त्याच घरची मंडळी.

पूर्वी हा फक्त बायकांचा प्रश्न समजला जायचा. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याला नवं नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘रेड-एस’, आणि त्यात पुरुष खेळाडूही आणले. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरतं. पण पाळीसारखी उघड खूण नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. मुलींना आपण निदान हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या तरी देतो. गोळी जरूर द्यावी, पण गोळीनं भूक भागत नाही.

पी. टी. उषा यांची गोष्ट या निमित्तानं आठवते. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत त्यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी मुलाखतीत सांगितलं, की तिथे योग्य आहार मिळाला नाही, भाताची पेज आणि लोणच्यावर राहावं लागलं, आणि शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये ताकद टिकली नाही. कुणी म्हणेल, पेज म्हणजे कार्बोदकंच की! खरं आहे, पण पेजेत पाणीच फार. पोट भरतं, हिशोब भरत नाही.

आज आपल्याकडे नेमकी उलटी गंमत झाली आहे. खिशात पैसे आले की पोरं पहिल्यांदा प्रोटीन पावडरचा डबा आणतात, आणि जिममधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून भात-पोळी कमी करतात. प्रथिनं हवीतच. पण इंधनच कमी पडलं तर शरीर त्या महागड्या पावडरचाही बराच भाग जाळून टाकतं. शेंगदाणे, डाळ, दूध, अंडी घेऊन उरलेल्या पैशांत केळी आणा, असं मी स्पष्ट सांगते. आणि सोळाशे किंवा आठशे मीटरच्या परीक्षेसाठी एनर्जी जेलची पाकिटं घेणाऱ्यांना हात जोडते. काही मिनिटांची ती शर्यत. तिला लागणारं इंधन आदल्या दिवसांच्या जेवणातूनच स्नायूंत साठलेलं असतं.

हे इंधन आपल्या मातीत पिकतं. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत चाळीस ग्रॅमच्या आसपास कार्बोदकं असतात, शिवाय लोह, मॅग्नेशियम आणि कोंडा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं पॅरिसला २०२४ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हापासून मराठवाड्यातल्या पोरांना ‘आपल्यातला’ धावपटू डोळ्यांसमोर आहे. माणच्या ललिता बाबर २०१६ ला रिओत याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचल्या, दहाव्या आल्या. दोघंही दुष्काळी पट्ट्यातली, जिथे ज्वारी-बाजरी पिकते.

पण भाकरीचं कौतुक करताना एक गोष्ट राहून जाते. कोंड्यामुळे तिनं पोट लवकर भरतं. दोन भाकऱ्या, वर कोशिंबीर आणि पालेभाजी खाल्लेली मुलगी ‘आता नको’ म्हणते आणि तूट तशीच राहते. म्हणून भाकरी जेवणात ठेवा, मैदानाच्या आधी आणि नंतर हलकं, लवकर पचणारं घ्या. पळण्याआधी पाऊण तास एक केळं आणि दोन-तीन खजूर. पळून आल्यावर अर्ध्या तासात दुसरं केळं, आणखी दोन खजूर, पेलाभर दूध. वर काढलेली पाऊणशेची तूट एवढ्यात भरते. रताळं उकडून, गूळ-तुपाची पोळी गुंडाळून, हिवाळ्यात हुरडा, असं काहीही चालेल. नान-खलिया तुघलकाच्या फौजेबरोबर या भागात आलं, असं सांगतात. त्यातलं नान धावपटूला चालेल, तर्रीचा खलिया मात्र चाचणीच्या आदल्या रात्री नको.

उपवासांचं काय, हा प्रश्न मला हमखास येतो. नवरात्रात भगर, साबुदाणा, राजगिरा, केळी पोटभर खाऊन सराव करता येतो. निरंकार धरला असेल तर त्या दिवशी मैदान बंद. रमजानमध्ये जड सराव इफ्तारनंतर घ्यावा आणि सेहरी चुकवू नये. इफ्तारला शहागंजचे खजूर असतातच, त्यांच्यासोबत पोळी-भातही हवा.

राहता राहिला मेसचा प्रश्न. वसतिगृहाची मेस नऊला उघडते आणि सराव सहाला सुरू होतो. मध्ये तीन तास मुली उपाशी. मैदानाच्या दाराशी केळ्यांची एक टोपली आणि खजुराचा डबा ठेवायला फार खर्च येत नाही. मेसवाल्याशी बोलून ही सोय करणं प्रशिक्षकाचं काम आहे. मुलींना ती मागायला लावू नका. त्या मागत नाहीत. आणि कुणाची पाळी सलग तीन महिने आली नसेल, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा, आणि तोवर तिचा सराव कमी करा, जेवण नव्हे.