रस्ते कोणासाठी? सिडनीच्या हरितबंदी लढ्याचा धडा

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)

शहरातील वाहतुकीची कोंडी हा मोटारींच्या संख्येचा किंवा पोलिसी शिस्तीचा प्रश्न आहे, असे भांडवलदारी वृत्तपत्रे सांगतात. वस्तुतः तो जमिनीवरील नफ्याचा प्रश्न आहे. शहराच्या मध्यभागी कार्यालयांचे मनोरे उभे राहतात, कामगार दूर फेकला जातो, आणि मग मनोऱ्यांपर्यंत मोटारी पोहोचाव्यात म्हणून मधल्या वस्त्यांवर नांगर फिरविला जातो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

ग्लीब, अल्टिमो, ॲनन्डेल, रोझेल ही मध्य सिडनीला लागून असलेली जुनी कामगार उपनगरे. १९७० च्या सुमारास मध्यभागात कार्यालयीन इमारतींची लाट आली आणि वाहनांचा लोंढा या अरुंद रस्त्यांवर आदळू लागला. त्यावर सरकारी उपाय होता ग्लीबमधून वायव्य द्रुतमार्ग काढण्याचा. रहिवासी संघटित झाले. रस्ता वाढविला की मोटारीही वाढतात. पैसा रेल्वे व बसवर खर्च करा, अशी त्यांच्या चळवळीची भूमिका होती. परंतु केवळ अर्ज-विनंत्यांनी सरकार हलत नव्हते.

येथे कामगारवर्ग पुढे आला. ‘बिल्डर्स लेबरर्स फेडरेशन’ या बांधकाम मजुरांच्या संघटनेच्या न्यू साउथ वेल्स शाखेचे चिटणीस जॅक मंडी हे कम्युनिस्ट होते. १९७१ मध्ये हंटर्स हिल येथील १३ महिलांच्या विनंतीवरून या संघटनेने ‘केलीज बुश’ हे मोकळे रान वाचविण्यासाठी तेथे काम करण्यास नकार दिला. हीच पहिली हरितबंदी. संघटनेचा दंडक महत्त्वाचा होता: आधी रहिवाशांनी सभा घेऊन मागणी करावी, मगच मजुरांनी निर्णय घ्यावा. वरून आदेश नव्हता. जनतेची मागणी आणि मजुरांचा निर्धार यांची ती सांगड होती. १९७२ मध्ये वायव्य द्रुतमार्गावरही बंदी आली. ज्यांच्या हातांनी घरे पाडायची, तेच हात थांबले.

१९७४ मध्ये केंद्रातील व्हिटलॅम सरकारने ग्लीबमधील चर्चच्या मालकीची सुमारे ७०० घरे विकत घेतली. १९७७ मध्ये राज्य सरकारने वायव्य द्रुतमार्गाची योजना सोडून दिली. मात्र १९७४-७५ मध्ये मजूर संघटनेच्याच राष्ट्रीय नेतृत्वाने ही शाखा ताब्यात घेऊन मंडी व त्यांच्या सहकाऱ्यांना बाहेर काढले. मालकांना जे साधले नव्हते, ते फुटीने साधले. ही उणीव झाकून चालणार नाही.

तिची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली. वस्त्या दाट होत गेल्या आणि मोटाररस्त्यांचे राजकारण परतले. ‘वेस्टकनेक्स’ हा सुमारे ३३ किलोमीटरचा मोटारमार्ग सरकारने सार्वजनिक पैशातून उभारण्यास घेतला आणि २०१८ व २०२१ मध्ये दोन टप्प्यांत तो खासगी टोल कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाला विकला. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याचे रोझेल येथील भुयारी जंक्शन खुले झाले, आणि आसपासच्या रस्त्यांवर वाहनांच्या रांगा लागल्या. रहिवाशांच्या संतापामुळे राज्य विधिमंडळाला चौकशी करावी लागली. कोंडी फोडण्यासाठी बांधलेल्या मार्गानेच कोंडी निर्माण केली!

मुंबईच्या परळ भागातही गिरण्यांच्या जागी मनोरे आले, रेल्वेचा पादचारी पूल मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. शहरे वेगळी, हिशेब तोच: जमिनीला भाव, माणसाला नाही.

म्हणून साथींनो, वाहतुकीचा प्रश्न ‘मध्यमवर्गीयांची तक्रार’ म्हणून बाजूला सारू नये. बस-रेल्वेचा कामगार, बांधकाम मजूर आणि वस्तीतील रहिवासी यांना एका सभेत आणणे हे पक्षशाखांचे काम आहे. रहिवाशांजवळ मागणी असते; काम थांबविण्याची ताकद कामगाराजवळ असते. ही एकजूट घडली तेथे द्रुतमार्ग अडला. ती विस्कटली तेथे तो परत आला.