जुना खेळ, नवे यंत्र



वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, शेतीवर बोलावे, फार तर अणुशक्तीवर बोलावे. मुलांच्या व्हिडिओ गेमवर काय बोलायचे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आम्ही पडलो खारदांड्याचे रहिवासी. वाळत घातलेले बोंबील चुकवीत गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरे आम्ही रोज पाहतो. हा गल्लीतला खेळ एकदा तबकडीवर चढला, आणि आता ती तबकडी मुकी होत चालली आहे. म्हणून हा विषय.

हकीकत अशी. २०१० साली ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ नावाचा खेळ प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी निघाला. तो रचला मुंबईतल्याच ट्राइन या संस्थेने. आदल्या वर्षी हैदराबादेत ‘हनुमान : बॉय वॉरियर’ तयार झाला होता. तोवर परक्यांचेच खेळ खेळणाऱ्या आपल्या मुलांना पडद्यावर आपले काही दिसू लागले.

आता कल्पना करा. दांड्यातल्या एका घरात ही तबकडी जपून ठेवली आहे. थोरला कमावता झाला आणि त्याने प्लेस्टेशन ५ विकत आणले. तबकडीवर ओरखडा नाही, यंत्र कोरे करकरीत. तरी खेळ सुरू होत नाही. या यंत्रावर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व खेळ चालतात. त्यामागच्या तीन पिढ्यांच्या तबकड्या मात्र चालत नाहीत.

असे का व्हावे? प्रत्येक खेळ एका विशिष्ट यंत्राच्या मेंदूला उद्देशून लिहिलेला असतो. मेंदू बदलला की आज्ञा कळेनाशा होतात. यावर उपाय दोन. पहिला, जुना मेंदू नव्या यंत्रात बसविणे. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचाच मेंदू बसविला होता. एरवी तो बारीकसारीक देवघेव सांभाळी. जुनी तबकडी घातली, की कारभार हाती घेई. घरातल्या निवृत्त आजोबांसारखेच म्हणा ना! दुसरा उपाय बहुरूप्याचा. नव्या यंत्रात असा प्रोग्राम घालायचा, की ते हुबेहूब जुन्यासारखे वागू लागेल. पण सोंग वठवायचे तर अंगात बळ फार लागते, आणि प्रत्येक खेळ वेगळा तपासून पाहावा लागतो.

पहिल्या उपायाला पैसा पडतो. २००६ साली जपानात व अमेरिकेत निघालेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये मागच्या यंत्राचे मुख्य भाग होते. खर्च कमी करण्यासाठी पुढच्याच वर्षापासून ते काढण्यात आले. आजोबांची खोली भाड्याने गेली, असे समजा. दुसऱ्या उपायाला कायदा आडवा येतो. एक्सबॉक्सवाल्यांनी २०१५ पासून कित्येक जुने खेळ नव्या यंत्रावर चालते केले; २०२१ साली त्यांनी ही भर थांबविली. खेळातले गाणे एकाचे, खेळाडूचे नाव दुसऱ्याचे, आणि मूळ संस्था कधी बुडालेली. परवानगी मागायची कोणाकडे?

याचा परिणाम लहान नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. २०१० पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तीत आढळले.

कोणी म्हणेल, खेळच तो; गेला तर गेला. त्यांना आम्ही मोडीची आठवण देतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. परंतु शाळांतून मोडी गेली आणि पणजोबांचे पत्र पणतूला वाचता येईना. राजवाड्यांसारख्यांनी गावोगाव हिंडून कागद मिळविले, वाचले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून काढली, म्हणून आपला इतिहास बोलला. तात्पर्य, वस्तू जपली म्हणजे ठेवा जपला असे होत नाही. वाचण्याची सोयही जपावी लागते. आणि मोडी वाचायला माणूस शिकवता येतो. तबकडीला यंत्रच लागते.

प्लेस्टेशन २ जगात १५ कोटींहून अधिक खपले. २०१३ च्या आरंभी त्याचे उत्पादन बंद झाल्याचे जाहीर झाले. जी उरली आहेत ती आता माळ्यावर आहेत, किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तेव्हा आमची विनंती साधी आहे. जुने यंत्र घरात असेल तर ते मोडीत काढू नका. ग्रंथालयांनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक चालते यंत्र आणि आपल्याकडे तयार झालेल्या खेळांच्या तबकड्या ठेवाव्यात. नवे यंत्र घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा, ‘यावर मागचे काय चालते?’ गिऱ्हाईक विचारू लागले, की कारखानदार ऐकू लागतो.

गल्लीतले क्रिकेट आमच्या डोळ्यांदेखत कमी होत आहे. मोटारी उभ्या राहिल्या आणि खेळपट्टी गेली. उद्या एखादा नातू विचारील, ‘आजोबा, गल्लीत कसे खेळत होता?’ त्या वेळी आपल्या हातात ती तबकडी असेल. ती चालावी, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.