आवडती गाडी गेल्यावर दुसरी कोणती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या लाखांदूरकडे गाडी म्हटले की आधी ट्रॅक्टर आठवतो, मग मोटारसायकल. धानाच्या या मुलुखात कुणी वेगवान सेडानच्या प्रेमात पडावे, याचे लोकांना हसू येते. मी पडलो होतो. फियाटची लिनीया टी-जेट ही ती गाडी. 2010 मध्ये बाजारात आली, पुण्याजवळ रांजणगावला तयार होत असे. 1.4 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 114 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. भिवापूर-उमरेड मार्गे नागपूरला जाताना पुढचा ट्रक ओलांडायचा असला, तर पाय जरासा दाबला की काम झाले. रानडुक्कर आडवे आलेच, तर ब्रेकही तितकेच भरवशाचे.

2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. वरच्या धरणांचे पाणी सुटले आणि भंडारा शहरातल्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. माझी गाडी त्या दिवशी तिथेच, मेहुण्यांच्या अंगणात उभी होती. पाणी डॅशबोर्डच्या वर चढले.

पाणी ओसरल्यावर आम्ही चावी फिरवली नाही, टोचन लावून गाडी नेली. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी शिरलेले इंजिन सुरू करायला गेलात, तर आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत निघते. दहा वर्षांच्या गाडीची ती किंमत कितीशी असणार? माझी गाडी तशीच निघाली.

मग शोध सुरू झाला. पहिला विचार साहजिकच, तशीच दुसरी, वापरलेली घ्यावी. पण फियाटच्या मोटारी आपल्याकडे तोवर बंद झाल्या होत्या. सुटे भाग शोधत फिरणे खेड्यातल्या माणसाला परवडत नाही. शिवाय पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. वापरलेली गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, चिखलाची रेघ तिथे राहून जाते. सीटखालच्या रुळांना हात लावावा, गालिचा उचलून वास घ्यावा, हेडलाइटच्या आत ओल दिसते का पाहावे.

गाडी नसताना दीड-पावणेदोन वर्षे काढली. 2022 मध्ये स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस आली. दोन्ही चाकणला बनतात. 1.5 लिटरच्या इंजिनाला 150 अश्वशक्ती, म्हणजे माझ्या जुन्या गाडीहून बरीच जास्त. चालवून पाहिली आणि मन तिथेच अडकले.

घरच्यांचे म्हणणे होते टाटा नेक्सॉनचे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 2018 मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले होते. जमिनीपासून उंची 209 मिलिमीटर, स्लाव्हियाची 179. गंमत अशी, की ही गाडीही त्याच रांजणगावच्या कारखान्यातून येते.

शेवटी मी वही घेतली आणि आपली गाडी महिनाभरात कुठे कुठे जाते, ते लिहून काढले. वडसा रेल्वे स्टेशन. शेतावरचा पांदण रस्ता, रोवणीच्या दिवसांत तर रोजच. आईला घेऊन नागपूरला डॉक्टरकडे. आणि नुसत्या हौसेने, एकटा, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर? वर्षातून दोन-तीनदा. आईचे गुडघे दुखतात. लिनीयाच्या खोल सीटवरून तिला उठवायला दोघांना हात द्यावा लागे. तिने तक्रार कधी केली नाही. पण नेक्सॉनच्या चाचणीला तिला मुद्दाम सोबत नेले, तर ती न वाकता बसली आणि न बोलावता उतरली. त्या दिवशी निवड झाली.

वळणावर ही गाडी लिनीयासारखी रस्त्याला चिकटून राहत नाही, हे लपवत नाही. स्टीअरिंगही तितके बोलके नाही. पण जे गेले ते जसेच्या तसे विकत मिळत नसते. त्यातले आपल्याला नेमके काय हवे होते, एवढे ओळखता येते. मला ट्रक ओलांडण्यापुरती ताकद आणि भरवशाचे ब्रेक हवे होते, ते मिळाले.

तुमची यादी वेगळी असेल. रोज लांब पल्ला एकट्याने कापत असाल, रस्ता चांगला असेल, तर खुशाल सेडान घ्या, त्यात उधळपट्टी काही नाही. मात्र चाचणी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता आपल्या गावच्या रस्त्यावर घ्यावी. जवळचे सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, ते आधी विचारावे. आणि मागच्या सीटवर रोज बसणाऱ्या माणसाला सोबत न्यायला विसरू नये.