परिचारिकांचे उच्च शिक्षण आणि शिष्यवृत्ती

परिचर्येच्या पदवी-शिक्षणाचा आरंभ आपल्या देशात 1946 साली दिल्ली आणि वेल्लोर येथे झाला, आणि पुढे ज्या संस्थेस राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले त्या दिल्लीच्याच महाविद्यालयात 1959 साली पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. परंतु रात्रपाळ्या करून घर चालविणाऱ्या परिचारिकेने या पदव्युत्तर, म्हणजे एम.एस्सी.च्या, अभ्यासक्रमाची दोन वर्षे पगारावाचून कशी काढावीत, याचा विचार नियम करणाऱ्यांनी फारसा केला असेल, असे वाटत नाही.

ही अडचण गुणवत्तेवरील शिष्यवृत्तीने काहीशी हलकी होते. प्रवेशाचे म्हणाल, तर एम.एस्सी.ला सर्वसाधारणपणे पदवीचे 55 टक्के गुण, परिचर्या परिषदेची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. परदेशी शिक्षणासाठी जमशेटजी टाटांनी 1892 साली स्थापिलेला निधी आजही आहे. मात्र त्यातून मिळणारी रक्कम कर्जाऊ, म्हणजे परतफेडीची, हे ध्यानी असावे.

शिष्यवृत्तीच्या निवड-मंडळापुढे केवळ गुणपत्रिका पुरत नाही. ‘मला रुग्णसेवेची आवड आहे’ हे वाक्य तर प्रत्येक अर्जात असतेच. त्याऐवजी अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी पालटून त्याची नोंद कशी ठेवली आणि शय्याव्रणे कशी टाळली, असा स्वानुभव लिहिणारीचे निवेदन वाचणाऱ्याच्या लक्षात राहते.

अनुभवाच्या दाखल्यावर जावक क्रमांक व शिक्का आहे ना, हे पाहून घ्या, आणि अधिसेविकांकडे शिफारसपत्र मुदतीच्या पुष्कळ आधी मागा.