वावरातून आलेल्या माणसाची बाहुली

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मला विचारलं, "मॅडम, औषध तर अळी मारायचं असते. मग माणसाला कसं काय लागते?" तेव्हा मी उडवाउडवीचं उत्तर दिलं. घरी आले तरी प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी एक गोष्ट. आपण फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की मीही बोलताना तोच वापरते. आज मात्र जपून विष म्हणणार आहे.

२०१७ चं साल तुम्ही कुणी विसरला नसाल. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले वॉर्ड भरले. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. फवारा वर धरावा लागे आणि तुषार तोंडावर येत. दोन-तीन विषं एकाच पंपात कालवली जात. वरून दमट ऊन, आणि अंगावर साधा सदरा.

माझे दीर त्याच हंगामातले. पोळा होऊन आठवडा झाला असेल. भाऊजी दुपारी वावरातून आले ते घामाने निथळत. तोंडाला पाणी सुटलेलं, सारखे थुंकत होते. म्हणाले, "वहिनी, अंधारल्यासारखं दिसून राहिलं." सासूबाई म्हणाल्या, ऊन चढलं. मी लिंबाचं सरबत दिलं आणि झोपा म्हटलं. त्याच कपड्यांवर! तासाभराने बघते तर मांडीचं मांस कातडीखाली फडफडत होतं. मग जीप, मग दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यावर टॉर्च मारली. बाहुली मोहरीएवढी झालेली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चेतापेशीची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याला गणती नाही. आणि माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर ती आकृती बिघडत होती तेव्हा मी सरबत ढवळत होते. तो एक तास मला अजून बोचतो.

तर ती आकृती आज तुम्हाला फळ्याशिवाय सांगते.

आपण 'नस' म्हणतो ती दोन वेगळ्या गोष्टींना. एक रक्ताची नळी. दुसरी निरोप नेणारी, म्हणजे मज्जातंतू. मज्जातंतू हा बारीक धाग्यांचा जुडगा असतो आणि त्यातला एकेक धागा म्हणजे एका चेतापेशीची लांब शेपटी. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी शेपटी मीटरभर लांब असते. एकाच पेशीची, बरं का.

त्या धाग्यातून वीज जाते, पण महावितरणच्या तारेतून जाते तशी नाही. तारेत वीज सरळ वाहते. इथलं काम रोजगार हमीवर घमेली हातोहात पुढे देतात तसं असतं. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, तोच आपल्या मिठातला. आत पोटॅशियम जास्त. या फरकामुळे पेशीच्या आत आणि बाहेर मिळून सुमारे सत्तर हजारांश व्होल्टचा ताण तयार राहतो. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा, त्याच्या विसाव्या भागाहूनही हा कमी. निरोप आला की पेशीच्या आवरणातली बारीक दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि ताण पालटतो. एका ठिकाणी पालटला की शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. पहिली दारं लगेच मिटतात, पोटॅशियम बाहेर जातं, ताण पूर्ववत होतो. एका जागी हे सगळं साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतं. ज्या धाग्यांवर चरबीचं वेष्टन असतं, त्यांत निरोप उड्या मारत जातो. सगळ्यांत वेगवान धाग्यांत सेकंदाला शंभर मीटरपर्यंत. तव्याला बोट लागलं की कळायच्या आत हात मागे येतो, तो त्यामुळे.

पण धागा कुठेतरी संपतो. पुढे स्नायू असतो, किंवा लाळेची, घामाची ग्रंथी, किंवा दुसरी चेतापेशी. आणि मध्ये फट असते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. बहुतेक ठिकाणी वीज ही फट ओलांडत नाही. मग निरोप पलीकडे जातो कसा?

याचं उत्तर ऑस्ट्रियात काम करणाऱ्या ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाला १९२१ च्या सुमारास सापडलं, तेही झोपेत. रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, त्यांनी अर्धवट झोपेत कागदावर खरडलं, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाचं हृदय बाहेर काढलं तरी काही वेळ धडधडत राहतं. त्यांनी अशी दोन हृदयं घेतली. एकाची नस छेडली, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं. दुसऱ्याची नस कुणी छेडली नव्हती, तरी तेही मंदावलं! म्हणजे नस पाण्यात काहीतरी सोडत होती. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना या कामासाठी १९३६ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

तर धाग्याच्या टोकाला वीज पोचली की ॲसिटिलकोलीनच्या बारीक पिशव्या फुटतात. ते फट ओलांडून पलीकडच्या जागेवर बसतं आणि स्नायू आखडतो. दारावरची बेल दाबावी तसं. पण बेल दाबल्यावर बोट काढावंही लागतं, नाहीतर ती वाजतच राहील. हे बोट काढायचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. ते फटीतच बसलेलं असतं आणि एका सेकंदात ॲसिटिलकोलीनच्या हजारो कणांचे तुकडे करतं. म्हणून तुम्ही निंदताना मूठ मिटता, उघडता, परत मिटता.

आता ताईंचा प्रश्न. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही विषं नेमकी या झाडणाऱ्याचे हात बांधतात. नावाच्या शेवटी 'फॉस' दिसलं की समजा त्याच घराण्यातलं. मात्र असिफेटही त्यातलंच, नाव वेगळं असलं तरी. अळीच्या अंगात हेच रसायन, हेच एन्झाइम आहे. माणसाच्या अंगातही तेच. विषाला अळी आणि माणूस ओळखता येत नाही.

हात बांधले की बेल वाजतच राहते. लाळेची ग्रंथी थांबत नाही, घाम थांबत नाही, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, कपड्यात लघवी. बाहुली आवळत जाते, म्हणून दिसायला अंधारतं. छातीत पाणी साठून घरघर लागते. स्नायू आधी फडफडतात, मग थकून ढिले पडतात. श्वास घ्यायचेही स्नायूच असतात, मैत्रिणींनो. माणूस जातो तो त्यामुळे.

पंपात दोन-तीन विषं एकत्र केली तर काय होतं तेही बघा. सायपरमेथ्रिन तारेवरच्या त्या सोडियमच्या दारांना धरतं, ती लवकर मिटू देत नाही. इमिडाक्लोप्रिड पलीकडच्या बटणावर जाऊन बसतं. आणि 'फॉस' झाडणाऱ्याला बांधतं. एका पंपात तीन ठिकाणचा बिघाड! डॉक्टर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात ते 'फॉस' घराण्यावर. त्याने ग्रंथी, छाती, हृदय सावरतं, पण ढिल्या पडलेल्या स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाही, तिथे श्वासाचं यंत्र लागतं. बाकी विषांना इलाज वेगळा. म्हणून दवाखान्यात जाताना डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्याच. आम्ही नेलं नव्हतं. भाच्याला गावाकडे परत पिटाळावं लागलं.

धोत्र्यातही ॲट्रोपिन असतं. हे ऐकून कुणी घरी काढा करायला जाऊ नका. किती द्यायचं ते डॉक्टर नाडी आणि छाती बघून क्षणाक्षणाला ठरवतात.

एक गंमत सांगते, गंमत म्हणावी तर. नाग चावतो तेव्हा त्याचं विष उलटं करतं. ते बटणावरच जाऊन बसतं, बेल वाजतच नाही, पापण्या जड होऊन मिटतात. तेव्हा सर्पविषावरच्या लसीबरोबर डॉक्टर निओस्टिग्मिन देतात, आणि ते काय करतं? थोड्या वेळापुरते त्याच झाडणाऱ्याचे हात धरतं, म्हणजे ॲसिटिलकोलीन साठून बटण कसंबसं दाबलं जावं. एकच जागा, तिथेच विष आणि तिथेच औषध.

भाऊजींकडे परत येते. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले, दोन घास खाल्ले. घरचे म्हणाले, चला आता, इथे खर्च होऊन राहिला. डॉक्टरांनी सोडलं नाही, तर थोडी बोलाचालीही झाली. त्याच रात्री भाऊजींना उशीवरून मान उचलता येईना, श्वास उथळ झाला. विषबाधा झाल्यापासून एक ते चार दिवसांत, बरं वाटू लागल्यावरही, असा दुसरा झटका येऊ शकतो, हे श्रीलंकेच्या डॉक्टरांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलं आहे. आम्ही घरी आणलं असतं तर ती रात्र निघाली नसती. यंत्रावर सहा दिवस काढून ते आले.

आणि आपलं काय? पंप पुरुषांच्या पाठीवर असतो, पण ड्रममध्ये पाणी आपण भरतो, काडी नाही सापडली तर हातानेच ढवळतो, आणि संध्याकाळी ते कपडे आपणच धुतो. 'फॉस' घराण्यातली बरीच विषं कातडीतून आत जातात. थोडं थोडं गेलं तरी हिशेब जमत जातो, कारण बांधलेलं एन्झाइम बहुधा सुटत नाही, शरीराला नवं तयार करावं लागतं. त्याला आठवडे लागतात, कधी तीन-चार महिने. कालच्या फवारणीचं अजून भरून निघालेलं नसताना आज पुन्हा. हंगामात कपडे धुतल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, हे मी कितीतरी जणींकडून ऐकलं आहे आणि दरवेळी "उपास होता न" असं म्हणून सोडून दिलं आहे.

कुणाला असं झालं तर आधी वावरातून सावलीत, वाऱ्यावर आणा. कपडे काढा, लाज धरू नका. साबण-पाण्याने केसांसकट धुवा, हातात प्लास्टिकची पिशवी का होईना घालून. उलटी मुद्दाम काढू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा. सरबत करत बसू नका.

भाऊजी अजून फवारतात. दुसरा धंदा कोणता आहे? पण एका पंपात एकच, वाऱ्याची दिशा बघून, सकाळच्या वेळी. त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि हातमोजे मी आणि जाऊबाई दोघी वापरतो. घरी आले की ते आधी मोरीकडे जातात, मग माझ्यासमोर येऊन उभे राहतात. मी टॉर्च घेऊन बाहुली बघते. बाहुली ठीक दिसली म्हणजे सगळं ठीक असं नसतं, म्हणून घाम, लाळ, हाताची पकडही बघते. ते हसतात. म्हणतात, "वहिनी, मास्तरीण होत्या, आता डॉक्टरीण झाल्या."