प्राणी बदलला की औषध बदलते



घरातल्या कुत्र्याला जुलाब लागले किंवा मांजराला जखम झाली, की आपला हात प्रथम स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे जातो. हळद, लसूण, ओवा, खोबरेल, अंगणातला कडुलिंब ही आपली भरवशाची मंडळी. या भरवशाची टिंगल करण्याचे कारण नाही. गाईच्या कासदाहावर, म्हणजे गावाकडच्या दगडीवर, कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम एकत्र वाटून केलेला लेप आज राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्वतः सुचवते. त्या उपायात आजार ठरलेला आहे, प्रमाण ठरलेले आहे आणि जनावरही ठरलेले आहे. माझे आजचे म्हणणे या शेवटच्या गोष्टीभोवती आहे. उपाय झाडपाल्याचा की कारखान्यातला, हा प्रश्न नंतरचा. तो कोणाच्या शरीरात जाणार, हा पहिला.

मांजराचे उदाहरण घ्या. ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल हे फिनॉल जातीचे पदार्थ. माणसाचे यकृत असे पदार्थ एका विशिष्ट विकराच्या मदतीने विरघळण्याजोगे करून लघवीवाटे बाहेर टाकते. तो विकर घडवणारे जनुक मांजरांतच काय, वाघ-सिंहांसकट साऱ्या मार्जारकुळात निकामी झालेले आहे. मांस खाऊन जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींतली रसायने पचवण्याची गरज फारशी पडली नसावी. परिणाम असा, की आपल्या दातदुखीवर चालणारे लवंगतेल मांजराच्या अंगात साचत जाते. तेल नुसते केसांवर लावले तरी मांजर चाटूनच अंग साफ करणार, म्हणजे लावलेले सगळे पोटात जाते. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. इथे झाडाचे तेल आणि कंपनीची गोळी एकाच वाटेने घात करतात. ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने त्या यकृताला काहीच फरक पडत नाही.

लसणाचेही तसेच. जंत पडावेत म्हणून दुधातून लसूण देण्याची रीत अनेक घरांत आहे. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने ती निष्प्रभ होत नाहीत. मांजराला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 5 ग्रॅम कांदा घातक ठरू शकतो, म्हणजे 4 किलोच्या मांजराला 20 ग्रॅम, छोट्या कांद्याचा अर्धा तुकडा. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते आणि तोवर कांदा-लसणाची आठवणही कोणाला राहिलेली नसते. मनुका-द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होते, हे वर्षानुवर्षे दिसत होते. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय विषतज्ज्ञांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. हे आम्ल चिंचेत भरपूर असते. उन्हाळा लागला म्हणून कुत्र्याला चिंचेचे सार पाजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

यावर आक्षेप येतो, की ही आपल्या परंपरेची अवहेलना आहे. परंपरेलाच विचारून पाहू. पुण्याच्या आनंदाश्रमाने पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ एकोणिसाव्या शतकातच छापला. हत्तीच्या वैद्यकाचा तो स्वतंत्र, भलामोठा ग्रंथ आहे. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा वेगळी. माणसाचेच औषध हत्तीला वजनाच्या हिशेबाने वाढवून द्यायचे असते, तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. जनावरागणिक शास्त्र वेगळे, हे आपल्या पूर्वजांना पटलेले होते. माणसाचा काढा मांजराला चमचाभर पाजणे ही ती परंपरा नव्हे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या हेच करतात, कुत्री बरी होतात. होतात, हे खरे. साधे जुलाब बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपोआपच थांबतात आणि श्रेय त्या दिवशी दिलेल्या वस्तूला जाते. जी कुत्री वाचली नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नसते. आणि उपाय निरुपद्रवी असला तरी तो वेळ खातो. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, थेंब पडत नाही. घरच्यांना बद्धकोष्ठ वाटते, म्हणून एरंडेल दिले जाते. प्रत्यक्षात मूत्रमार्ग तुंबलेला असतो. रक्तात पोटॅशियम चढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. गोचिडांवर कडुलिंबाचे तेल लावले, काही पडल्याही. पण गोचिडीने रक्तात सोडलेला एर्लिकियाचा जंतू तेलाने मरत नाही. कुत्रा मलूल झाला, नाकातून रक्त आले, तर रक्ततपासणी आणि प्रतिजैविक हाच इलाज. शिवाय मादी गोचीड भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे नुसत्या कुत्र्याला तेल चोळून काम भागत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे. डॉक्टर दूर असतो, महाग असतो, रात्री मिळत नाही. म्हणूनच घरी काय करावे हे नेमके माहीत हवे. धडधाकट, खेळत्या कुत्र्याचे जुलाब असतील तर मऊ भात, बिनमिठाचे उकडलेले चिकन, थोडा उकडलेला लाल भोपळा आणि भरपूर पाणी. पिल्लाला मात्र हे दिवसभरही पुरेसे धरू नये, कारण पार्व्हो हा विषाणूचा आजार तासांच्या हिशेबाने चालतो. जखम धुवायला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. ऊन लागले तर अंगावर नळाचे गार पाणी, वर पंखा आणि लगेच दवाखाना. रोज केस विंचरणे, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणे, हाही घरगुती उपचारच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा.

दुकानातली औषधेही निर्धास्त नाहीत. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला मारू शकतात. फरक इतकाच, की त्या वेष्टनावर प्राणी आणि मात्रा छापलेली असते. घरच्या डब्यावर ती नसते. म्हणून माझी विनंती आहे: आपल्या प्राण्याचे वजन करून लिहून ठेवा, जवळच्या पशुवैद्यकाचा रात्री लागणारा दूरध्वनी क्रमांक शेजारी लिहा, आणि डब्यातली कोणतीही वस्तू त्याच्या तोंडात घालण्याआधी त्या क्रमांकावर एकदा विचारा. बोक्याची लघवी अडली असेल तर मात्र विचारतही बसू नका, त्याला उचलून निघा.