वर्तमानपत्राचा मोठा ताव
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या वाचनालयात येणारी मोठ्या आकाराची वर्तमानपत्रे बंद करावीत, बातम्या आता ज्याच्या त्याच्या फोनवर असतात, अशी सूचना पुढे आली आहे. तिजवर मत देण्यापूर्वी या मोठ्या तावाविषयी दोन शब्द बोलतो.

‘ताव’ म्हटले की माझ्या वर्गातील मुलांना आधी जेवणावर मारावयाचा ताव आठवतो, नंतर मिशीला द्यावयाचा. कागदाचा ताव सांगावा लागतो! ‘अखबार’ हे तर अरबी ‘खबर’चे अनेकवचन. मोगलाईत दरबारच्या हस्तलिखित बातमीपत्रांना हे नाव होते. ती वाचणार सरदार आणि त्यांचे वकील. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, एका रकान्यात मराठी व शेजारी इंग्रजी, तेव्हा बातमी मराठीत छापून वर्गणीदाराच्या घरी येऊ लागली.

पानाच्या आकारामागे करही आहे. विलायतेत १७१२ साली वर्तमानपत्रांवर कर बसला, तो तावांच्या हिशेबाने. तेव्हा छापणाऱ्यांनी तावच वाढविला. १८५५ साली कर गेला, मोठे पान राहिले. मोठे ते भारदस्त आणि लहान ते चटकदार, असा समजही पुढे रूढ झाला. मला तो पटत नाही. खोटी बातमी मोठ्या पानावरही मावते.

परंतु आपण बुऱ्हाणपूरकर. वर्तमानपत्राचा कागद आपल्या देशात प्रथम झाला तो आपल्या नेपानगरात. १९५५ साली तेथे उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्राला अर्पण केला. आसपासच्या जंगलांतील बांबू आणि सालईचे लाकूड यांचा लगदा करून हा कागद निघे. सुमारे पाव शतक असा दुसरा कारखाना देशात नव्हता. पुढे रद्दीपासूनच कागद होऊ लागला; म्हणजे जुनी बातमी नव्या बातमीच्या पोटात! मध्यंतरी काही वर्षे यंत्रे थांबली, २०२२ साली नूतनीकरणानंतर पुन्हा सुरू झाली.

वाचून झालेला ताव पुस्तकांना वेष्टण होतो, फडताळात अंथरला जातो. त्यात जिलबी बांधणे मात्र सोडावे. शाईमुळे अपाय होतो, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावले आहे.

आता मुद्द्यावर येतो. फोन एकाच्याच हातात असतो. ताव पसरला की तिघे वाचतात: एक बुजुर्ग वरची बाजू, दुसरा बाजारभाव, आणि शाळा सुटल्यावर आलेली मुलगी खालचे शब्दकोडे. आपल्या गावी शाळेत हिंदी, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या उर्दू. काही मुलांना घराबाहेर छापील मराठी दिसते ते या एकाच टेबलावर.

म्हणून मराठी, हिंदी व उर्दू असा एकेक अंक तरी चालू ठेवावा. रद्दीचे पैसे त्याच खात्यात जमा करावेत. आणि टेबल खिडकीपाशी घ्यावे. मगरिबनंतर तेथला दिवा खालच्या ओळींना पुरत नाही.